पाणकणसांतला ठिपका

त्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं. पडलेले, बुडालेले, झाडाला लटकलेले ड्रोन त्याच्याकडे यायचे आणि तो अखंड बडबड करत ते बरे करून द्यायचा. धाकटा दुकानात शिरला तेव्हा तो एका ड्रोनच्या पोटात चिमटा घालून बसला होता.

"या धाकटे! आज कुणाचं हाड मोडलं?"

धाकट्याने पिशवीतला ड्रोन काढून काउंटरच्या काचेवर ठेवला. डॉक्टरने चिमटा खाली ठेवला. ड्रोनच्या एका पायाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती दादाने गुंडाळली होती, याच काउंटरवर, डॉक्टरचे टोमणे ऐकत ऐकत.

"हा तोच ना रे?"

"तोच. मोटरी बघितल्या, पंखे नवे लावले, माझा रिमोट जोडला. उडतो झकास. कॅमेरा तेवढा गेला आणि गिंबल वाकला. कॅमेरा मी मोठा आणलाय, लांबचं जवळ दाखवणारा. त्याला पेलेल असा गिंबल हवाय."

गिंबल म्हणजे ड्रोनच्या पोटाखालचा तो चिमुकला झोपाळा, ज्यात कॅमेरा बसतो. वाऱ्याने ड्रोन कितीही डुलला, कलला, गचके खाल्ले, तरी गिंबलच्या मोटरी उलट्या वळून कॅमेरा जागच्या जागी धरून ठेवतात. खड्ड्यातून बस जाताना एखादा पट्ठ्या हातातल्या कपातला चहा सांडू देत नाही ना, तसं. गिंबल चांगला असला की वादळातलं चित्रही भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखं दिसतं.

डॉक्टरने दोन डबे काढले. "हा दोन मोटरींचा. हलका आहे, बॅटरी खात नाही. वर-खाली आणि तिरपं सांभाळतो. पण शेपटी डावी-उजवी फिरली की कॅमेराही फिरणार. आणि हा तीन मोटरींचा. जड आहे, जास्त वेळ उडू देणार नाही, पण कशालाही बधत नाही. मान चहूकडे वळते याची." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "उडवायचाय कुठं?"

"तळ्यावर."

"अरे, शोध तर थांबवला ना त्यांनी?"

"त्यांनी थांबवला."

  डॉक्टरने तीन मोटरींचा डबा पुढे सरकवला. "तळ्यावर वारा खोड्या काढतो. हाच घे. हात थरथरतो, वारा फसवतो, डोळा चुकतो. गिंबल खोटं बोलत नाही."

दोघा भावांचा धंदा साधा होता. इमारतींची छपरं, सौरपट्ट्या, जमिनीचे तुकडे वरून टिपून द्यायचे. ड्रोन पडला तर शोधायची त्यांची एक पद्धत होती. मोबाइलवर ड्रोनची शेवटची जागा ठिपक्याने दिसते. एकाने रिमोटला अडकवलेल्या मोबाइलवर नजर ठेवून ठिपक्याकडे चालायचं आणि दुसऱ्याने उंचावर उभं राहून हाका मारायच्या. डावीकडे खड्डा आहे, पुढे तार आहे, थांब. कारण ठिपक्याकडे बघत चालणाऱ्याला पायाखालचं काही दिसत नाही. ड्रोनवाला मरेल तर असाच मरेल, असं दादाच हसत म्हणायचा. ड्रोन सापडला की तो मान वर करून शिट्टी वाजवायचा. दोन सुरांची, दुसरा सूर वर नेलेला. ती ऐकली की धाकटा गाडीचं दार उघडायचा.

त्या दिवशी धाकटा दुसऱ्या कामावर होता. तळ्याच्या मागच्या अंगाला, जिथं पाणकणसं, म्हणजे उथळ पाण्यातलं ते लांब पात्यांचं गवत, पुरुषभर उंच माजली होती, तिथं ड्रोन पडला आणि दादा एकटाच ठिपक्याकडे चालत गेला. शोधपथकाने होड्या घातल्या, गळ टाकले, कुत्री आणली. दुसऱ्याच दिवशी ड्रोन सापडला, पाणकणसांच्या शेंड्यांवर अडकलेला, कॅमेरा तेवढा फुटलेला, बाकी कोरडा ठणठणीत. तो त्यांनी काढून वहिनीच्या हातात आणून दिला. दादा मिळाला नाही. त्याच्या हातातला रिमोटही नाही. शेवटी पथकाच्या प्रमुखाने हात टेकले. "खाली गाळ आहे," तो म्हणाला.

"गाळात गेलेत म्हणू नका," वहिनी त्याला म्हणाली होती. "बघितल्याशिवाय म्हणायचं नाही." घरी आल्यावर ती धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, मला एकदा दिसू देत. कसेही असोत. एकदा डोळ्यांनी बघते आणि मग गप्प बसते." तिचा जीव असा टांगणीला लागलेला धाकट्याला बघवत नव्हता. स्वतःचाही काही वेगळा नव्हता म्हणा.

तर तीन मोटरींचा गिंबल बसला. धाकट्याने तो नियमाप्रमाणे आधी मोटरी बंद ठेवून तोलला. कॅमेरा हाताने कुठंही फिरवून सोडला तर तिथंच राहायला हवा, तरच तोल बरोबर. राहिला. सकाळच्या उन्हात तो तळ्याच्या बांधावर गेला आणि पाणकणसांवरून ड्रोन पट्ट्यापट्ट्याने नेऊ लागला, गवत कापणारा मशीन नेतो तसा.

चित्र सुरेख होतं. वाऱ्याने ड्रोन हेलकावे खात होता, पण स्क्रीनवर एकेक पातं मोजून घ्यावं इतकं स्थिर. थोड्या वेळाने ते उजवीकडे सरकू लागलं. धाकट्याने बोटाने ते पुन्हा सरळ केलं. ते परत सरकलं, सावकाश, कुणी खांद्याला धरून वळवावं तसं, आणि एका जागी थांबलं. तिथं नुसती पाणकणसं होती.

त्याला नवल वाटलं नाही, वैताग आला. गिंबल नवा असला की कधीकधी असा भरकटतो. सपाट जागेवर ठेवून त्याला सरळ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागतं. धाकट्याने गाडीच्या टपावर ठेवून ते केलं. बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत उडवलं. कॅमेरा पुन्हा वळला, या खेपेला डावीकडे, आणि थांबला. त्याने ड्रोन पुढे नेला तर कॅमेऱ्याची मान मागे वळली. म्हणजे तो एकाच जागेकडे बघत होता.

घरी येऊन त्याने ते चित्रण वहिनीच्या टेबलावर मोठ्या स्क्रीनला लावलं. बिघाड कसा ते नीट बघावं, एवढाच हेतू होता. वहिनी मागे उभी राहून भांडं पुसत होती.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने थांबवलं.

"मोठं करा. तिथं. नाही, खाली."

पाणकणसांत एक डोकं होतं. खाली झुकलेलं. दोन्ही हात छातीशी, काहीतरी धरल्यासारखे. उजवा खांदा किंचित उतरलेला, वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पेटी वाहणाऱ्या माणसाचा उतरतो तसा.

वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. ती हसली, रडली, मग धाकट्याच्या पाठीत तिने जोरात बुक्की मारली. "चला! उठा ना! बसलाय काय दगडासारखे!"

ते गेले. पथकाचा प्रमुखही आला. होडीतून त्याच जागी गेले. एकही पातं मोडलेलं नव्हतं. वहिनी घसा फुटेपर्यंत हाका मारत होती. प्रमुखाने चित्र बराच वेळ बघितलं आणि धाकट्याला बाजूला घेतलं. "सावली आहे हो. आणि बाई आशेवर आहेत. तुम्ही तरी समजूतदारपणा दाखवा."

धाकट्याने तो दाखवायचा प्रयत्न केला. वहिनी होडीत बसलेली असताना त्याने बांधावरून आणखी एकदा ड्रोन उडवला, मनातली शंका फिटावी म्हणून. कॅमेरा वळला. पाणकणसांकडे नाही, मागे, बांधाकडे. स्क्रीनवर धाकट्याला स्वतःचीच आकृती दिसली, रिमोटवर मान घातलेली. तिच्या मागे, गाडीच्या पलीकडे, दुसरा एक माणूस तसाच मान घालून उभा होता.

तो गर्रकन वळला. गाडी होती. पलीकडे रिकामा रस्ता होता.

त्याने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. माणूस होता.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "दादा! अरे, वर बघ की!"

माणसाने मान वर केली नाही. त्याचा अंगठा मात्र हातातल्या रिमोटवर हलला. चित्र तेवढं स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी तो गिंबल बदलायला डॉक्टरकडे गेला. कारण सांगितलं नाही. कसं सांगणार? "भरकटतो," एवढंच म्हणाला. डॉक्टरने तो उतरवला, त्याच जातीचा दुसरा चढवला, ड्रोन काउंटरवर ठेवून चालू केला. कॅमेरा डोकं हलवून जागा झाला, सरळ झाला. आणि सावकाश दुकानाच्या दाराकडे वळला.

"गिऱ्हाइकाची वाट बघतोय लेकाचा," डॉक्टर म्हणाला. त्याने ड्रोन उचलून उलटा फिरवून ठेवला. कॅमेरा दाराकडे वळला. डॉक्टरने काउंटरवरची छोटी स्क्रीन स्वतःकडे ओढली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता तो नव्हता. दाराकडे आणि स्क्रीनकडे त्याने दोनतीनदा बघितलं. मग स्क्रीन उपडी घातली.

"धाकटे," तो म्हणाला, "हा ड्रोन घरी ठेवू नकोस."

पण ड्रोन वहिनीला हवा होता. तिला सगळं धाकट्याच्या आधी कळलं होतं. "हे अजून ड्रोन शोधतायत, भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, घरातलं रोजचं काहीतरी सांगावं तसा. "पथकाने ड्रोन उचलून आणला. यांना कोण सांगणार? ठिपका हलला, हे ठिपक्यामागे निघाले. ड्रोन जिथं, तिथं हे येणार."

तिने ड्रोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, बॅटरी चार्जिंगला लावून आळीपाळीने बदलायची व्यवस्था केली आणि घराचं दार उघडं टाकलं. रिमोट घेऊन ती समोर बसली. धाकट्याने आपल्या मोबाइलवरही चित्र घेतलं. गिऱ्हाइकाला घरबसल्या काम दिसावं म्हणून ती सोय त्यांनी केव्हाची करून ठेवलेली होती.

स्क्रीनवर दादा आला. आधी जिन्याच्या वरच्या पायरीवर, मग उंबऱ्यात. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत एखादं पाऊल. उघड्या दारात धाकटा हात फिरवून आला, हाताला नुसती हवा लागली. स्क्रीनवर त्याचा हात दादाच्या खांद्यातून आरपार गेलेला वहिनीने बघितला आणि ती त्याच्यावर खेकसली, "धक्का नका देऊ त्यांना!"

शेवटी दादा टेबलाशी पोचला. ड्रोन त्याच्या पोटाशी होता. हात पुढे केला असता तर लागला असता.  आता तो मान वर करणार. आता शिट्टी वाजणार.

दुपार उतरली. दादा मोबाइलकडे बघत उभाच राहिला.

वहिनीने त्याला काय काय सांगितलं. आधी लाडाने, मग रागाने, मग नुसतं हे आण, ते राहिलंय, असलं घरगुती. सांगताना तीही मान खाली घालून बसलेली असायची, कारण वर बघितलं की समोर रिकामं घर दिसायचं. धाकटा जेवायला वाढायचा तर ती ताटाकडेही बघायची नाही. घास चाचपून घ्यायची. एके दिवशी तो दोघांकडे बघत उभा राहिला, एक खुर्चीवर आणि एक स्क्रीनमध्ये, दोघांच्या माना सारख्याच झुकलेल्या, आणि त्याला ओक्साबोक्शी रडू आलं. वहिनीने विचारलंही नाही काय झालं म्हणून.

"तिथंच राहू द्यायला हवा होता," ती एकदा म्हणाली. "जिथं पडला तिथंच. यांना तिथं सापडला असता. इथं कसा सापडेल? यांना वाटत असेल चुकीच्या जागी आलो."

"वहिनी, असलं डोक्यात घेऊ नका."

"मी कुठं काय म्हटलं?"

धाकट्याने ठरवलं, पुरे. कॅमेऱ्याची मान वळते म्हणून हे दिसतं. वळूच शकला नाही तर दिसणार नाही, आणि दिसलं नाही तर निदान ही बाई तरी उठून अंघोळ करेल, झोपेल, जगेल. दादा गेला तो गेलाच. तो सरळ डॉक्टरकडे गेला आणि दोन मोटरींचा गिंबल मागितला.  डॉक्टरने डबासुद्धा दिला नाही, गिंबल कागदात गुंडाळून धाकट्याच्या खिशात घातला आणि वर हाताने दाबला. "आधीच हा द्यायला हवा होता," तो म्हणाला.

घराचं दार उघडं होतं. टेबल रिकामं होतं. खुर्ची रिकामी होती.

शेजारीण जिन्यात भेटली. "मघाशीच गेल्या की. बगलेत ते मशीन आणि हातात तो मोबाइल. अहो, समोर बघा म्हटलं, पडाल. मान वर करतील तर शपथ!"

धाकट्याने गाडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. बांधावर वहिनीची स्कूटर उभी होती. ऊन कलायला आलं होतं. पाणकणसं वाऱ्यावर सळसळत होती आणि बाकी कशाचाही आवाज नव्हता.

"वहिनी! वहिनीऽऽ!"

हाका मारणाऱ्याने उंचावरच उभं राहायचं. ही त्यांची पद्धत होती, आणि तो उंचावरच उभा होता. त्याने मोबाइल काढला. ठिपका आत होता, जिथं पहिल्यांदा होता तिथंच. म्हणजे ती तिथवर पोचली होती. ड्रोन ठेवला होता.

त्याने चित्र लावलं.

पाणकणसांचे शेंडे. मग चित्र सावकाश खाली, देठांकडे वळलं. वहिनी दिसली. तिच्या शेजारी दादा. खांद्याला खांदा लागलेला. दोघांचे हात छातीशी, दोघांच्या माना खाली.

"वहिनी, वर बघा," तो म्हणाला. "दादा, तू सांग तिला. दादा!"

दोघांपैकी कुणीही हललं नाही. वारा होता, पाती झोडपत होती, त्यांचे कपडे फडफडत होते, तरी चित्र कसं दगडावर कोरल्यासारखं. त्याने ते मोठं केलं. वहिनीचा चेहरा बघायला हवा होता. मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

चित्र वळू लागलं.

ते दोघांना सोडून पुढे सरकलं, पातं, पातं, पातं, आणि थांबलं. तिथं तिसरा माणूस होता. छातीपर्यंत पाण्यात, पाणकणसांच्या मधोमध. एक हात चेहऱ्यासमोर, मान खाली. चौकड्यांचा शर्ट. खिसा कशाने तरी फुगलेला, कागदाचं टोक वर आलेलं.

धाकट्याने दुसऱ्या हाताने आपला खिसा चाचपला. कागद भिजला होता.

पायाखाली बांध नव्हता. केव्हापासून नव्हता, ते त्याला आठवेना. गार काहीतरी घोट्यांना मऊ मऊ धरत होतं, घाई न करता.

मागून शिट्टी वाजली. अगदी कानाशी. दोन सुरांची, दुसरा सूर वर नेलेला.

मान वर करायची, बस्स. आकाश दिसेल, बांध दिसेल, बांधाकडे वळता येईल. एवढंच करायचं, हे त्याला नीट समजत होतं. पण स्क्रीनवर आता ते तिघंही एकत्र दिसत होते, आणि चित्र जराही हलत नव्हतं.